स्ट्रीट फायटर ६ की टेकन ८: पुढची चार-पाच वर्षं कुणाच्या भरवशावर?

ठाणे-नवी मुंबईच्या आमच्या कंपूत नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दोन्हींतला कुठला घेऊ?" मग ग्राफिक्स, कॅरेक्टर किती, लॅपटॉपवर चालेल का, हे ओघाने येतंच. ती माहिती कुठेही दोन मिनिटांत मिळते, म्हणून इथे देत नाही. फायटिंग गेमला (दोघांच्या समोरासमोर मारामारीचा व्हिडिओ गेम) पैसे एकदा लागतात आणि वेळ वर्षानुवर्षं लागतो. त्या वेळेचं चीज होणार की नाही, हे बरंचसं गेम बनवणाऱ्यांच्या हातात असतं. ते पॅच, म्हणजे विकलेल्या गेममध्ये नंतर केलेले बदल, किती दिवसांनी काढतात, एका पॅचमध्ये किती उलथापालथ करतात, लोक ओरडले तर ऐकतात का, आणि त्यांचा रस संपला की मागे काय उरतं, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

दोन्ही गेम मी विकत घेतले, दोन्ही मनापासून खेळलो, सध्या नियमित एकच खेळतो. माझी परिस्थिती आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझं मत किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. राहायला कोलशेतला, नोकरी ऐरोलीला. घरी येऊन जेवणखाण आटपलं, मुलगी झोपली की जो तासभर हाती लागतो तेवढाच माझा. रँकमध्ये मधल्या फळीतला. तुम्ही कॉलेजात असाल आणि दुपारपासून कंट्रोलर हातात असेल, तर खालचं काही तुम्हाला अगदी उलटंही लागू पडेल.

वाऱ्यावर सोडतील का?

ही भीती अनाठायी नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ सप्टेंबर २०२३ मध्ये आला. मे २०२५ मध्ये, म्हणजे दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, यापुढे नवं कॅरेक्टर किंवा कथेचा नवा भाग येणार नाही असं त्याच्या निर्मात्यांनी सांगून टाकलं. ‘मल्टिव्हर्सस’चं तर आणखी वाईट झालं. मे २०२४ मध्ये तो वाजतगाजत दुसऱ्यांदा सुरू झाला आणि मे २०२५ च्या अखेरीस ऑनलाइन खेळ कायमचा बंद. स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमच्या खात्यावरही असा एक डाग आहेच. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट’ सप्टेंबर २०१७ मध्ये आणला, त्याच वर्षात सहा जादा कॅरेक्टर विकली, आणि मग त्याच्याकडे फारसं वळून पाहिलं नाही.

मुख्य मालिकांच्या बाबतीत मात्र दोन्ही कंपन्यांचा इतिहास बरा आहे. ‘स्ट्रीट फायटर ५’ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात एकट्याने संगणकाशी लढायचा साधा आर्केड मोडसुद्धा नव्हता. तो जानेवारी २०१८ मध्ये आला, जुन्या ग्राहकांना फुकट. ऑनलाइनची अवस्था अशी की २०२० च्या सुरुवातीला पीसीवर एका खेळाडूनेच स्वतः दुरुस्ती लिहून वाटली, आणि त्यानंतर कंपनीची अधिकृत दुरुस्ती आली. एवढं सगळं होऊनही त्या गेमचा शेवटचा बॅलन्स पॅच (कॅरेक्टरांची ताकद कमी-जास्त करणारा) निघाला मार्च २०२२ मध्ये. सहा वर्षं त्याला धरून ठेवलं. ‘टेकन ७’ जपानच्या आर्केडमध्ये २०१५ ला आला, घरच्या कन्सोलवर २०१७ ला, आणि त्यात नवी कॅरेक्टर २०२१ पर्यंत येत होती.

म्हणजे चार-पाच वर्षांची हमी दोन्हीकडे साधारण सारखी धरायला हरकत नाही. दोघेही वर्षाला चार नवी कॅरेक्टर देतात. स्ट्रीट फायटरच्या तिसऱ्या वर्षासाठी सगत, सी. वायपर, अ‍ॅलेक्स आणि इन्ग्रिड अशी नावं जाहीर झाली. टेकनच्या दुसऱ्या वर्षात ॲना, फाहकुमराम, आर्मर किंग आणि मिआरी झो.

२०२५ संपताना टेकनचा प्रमुख काट्सुहिरो हारादा ते बनवणाऱ्या बांदाई नाम्कोतून बाहेर पडला तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांचा धीर सुटला. टेकन म्हटलं की तीस वर्षं डोळ्यांसमोर तोच काळा चष्मा येत आलाय, त्यामुळे ते साहजिक आहे. पण कॅपकॉममधून स्ट्रीट फायटरचा प्रमुख योशिनोरी ओनो २०२० मध्ये गेला, आणि ‘स्ट्रीट फायटर ५’ला त्यानंतरही डॅन, रोझ, ओरो, अकिरा आणि ल्यूक अशी पाच कॅरेक्टर मिळाली. माणूस गेला म्हणून गेम गेला असं होतंच असं नाही. या मुद्द्यावर मी टेकनचे गुण कापणार नाही.

पॅच नावाच्या गोष्टीचं आमच्या वयाच्या लोकांना अजून थोडं अप्रूपच वाटतं. १९९१ ते १९९४ या काळात ‘स्ट्रीट फायटर २’च्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी व्हिडिओ गेम पार्लरवाल्याने पुन्हा पैसे मोजायचे. ठाण्यातल्या पार्लरवाल्याला ही हौस कुठून परवडणार? जे मशीन आलं ते बटणं झिजेपर्यंत तसंच. त्यात जे कॅरेक्टर जबरदस्त, ते कायमचं जबरदस्त. कुणी तक्रार केली की मालक म्हणायचा, "मग तू पण तोच घे ना." हीदेखील एक बॅलन्सची पद्धतच म्हणायची.

पॅचचं वेळापत्रक आणि माझी वही

माझा निर्णय इथे झाला, म्हणून जरा सविस्तर.

दोघांची पद्धत वेगळी आहे. कॅपकॉम मोठे फेरफार साधारण वर्षातून एकदा करते. गेम २ जून २०२३ चा. पहिला मोठा बॅलन्स पॅच अकुमा या नव्या कॅरेक्टरबरोबर आला, २२ मे २०२४ ला. मग डिसेंबर २०२४ मध्ये एक आटोपशीर, आणि पुढचा मोठा जून २०२५ मध्ये एलेनाबरोबर. मधल्या काळात बग सुधारायचे, एखादी फारच हाताबाहेर गेलेली गोष्ट आवरायची, बाकी शक्यतो हात लावायचा नाही. टेकन ८ ची मंडळी जास्त चळवळी. गेम २६ जानेवारी २०२४ ला आला आणि पहिल्या वर्षात महिन्या-दोन महिन्यांनी काही ना काही हलत राहिलं.

नुसतं ऐकलं तर टेकनचीच पद्धत सरस वाटते. दुखणं दिसलं की लगेच औषध, यात वाईट काय? आणि कॅपकॉमच्या संथपणाची किंमतही खेळणारे मोजतात. स्ट्रीट फायटर ६ मध्ये कोपऱ्यात सापडलात की थ्रो (पकडून फेकणं), परत थ्रो, परत थ्रो ही रडकथा पहिल्या दिवसापासूनची आहे, आणि दोन मोठे वार्षिक पॅच येऊन गेले तरी ती मिटली नव्हती. ज्याला या एका गोष्टीची चीड येते त्याने स्ट्रीट फायटरच्या वाटेला न गेलेलंच बरं, असं मी खरोखर सांगतो.

आता माझी वही. हसाल, पण मी वही ठेवतो. मुलीच्या शाळेच्या वह्या उरतात, त्यातली एक. डावीकडे समोरच्या कॅरेक्टरची मूव्ह, उजवीकडे ती ब्लॉक केल्यावर मला हमखास काय मारता येतं. फोनवर ही माहिती देणारी ॲप्स आहेत, पण हाताने लिहिलं की माझ्या डोक्यात बसतं.

दोन्ही गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम असतात आणि सगळा हिशोब त्या फ्रेमांचा. टेकनमध्ये समोरच्याला हवेत उडवून पूर्ण कॉम्बो घ्यायची जी मूव्ह बहुतेकांकडे असते, ती साधारण १५ फ्रेमची. म्हणजे समोरच्याची एखादी मूव्ह मी ब्लॉक केली आणि तो १५ फ्रेम मागे पडला, तर मी त्याला उडवणार. तो १४ मागे असेल तर मी उडवायला जाईन, तो ब्लॉक करेल आणि उलट मलाच मारेल. पॅचच्या यादीत उणे १५ (म्हणजे १५ फ्रेम मागे) चं उणे १४ झालं, ही एक बारीकशी ओळ असते. माझ्या वहीतली एक ओळ त्याने खोटी होते. वही खोडून नवं लिहिता येतं. बोटांना ते कळायला आठवडे जातात, कारण बोटं मी वर्षभर घोटून तयार केलेली असतात.

स्ट्रीट फायटरमध्ये हाच हिशोब आहे, फक्त आकडे लहान. तिथे बहुतेकांचा सगळ्यांत झटपट ठोसा ४ फ्रेमचा. उणे ४ चं उणे ३ झालं की तीच पंचाईत. फरक पडतो तो पसाऱ्याने. टेकन ८ सुरू झाला तेव्हाच ३२ कॅरेक्टर होती आणि एकेकाच्या मूव्हची यादी शंभराच्या घरात किंवा पुढे. स्ट्रीट फायटर ६ ने सुरुवात १८ वर केली, आणि प्रत्येकाच्या खास मूव्ह बोटांवर मोजता येतात. टेकनमध्ये लक्षात ठेवायचं मुळातच कितीतरी जास्त, आणि त्यातलं हलतंही जास्त वेळा. ऐन गर्दीच्या वेळी घोडबंदर रोडला असतो तशातला प्रकार: रस्ता ओळखीचा, गाडी आपली, पण आज डायव्हर्जन कुठे टाकलंय ते तिथे पोचल्याशिवाय कळायचं नाही.

टेकनचा पॅच आला की त्या आठवड्यातला माझा रोजचा तास खेळण्यात जात नसे. यादी वाचायची, वही काढायची, खोडायचं, ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन खात्री करायची, तोवर साडेबारा वाजलेले. एखाद्या महिन्यात वही आणि गेम जुळायला लागले असं वाटेपर्यंत पुढचा पॅच. याला गेमचा दोष म्हणावं असं मला वाटत नाही. माझ्याकडे असलेला वेळ आणि त्या गेमचा वेग यांचं जमलं नाही, इतकंच. पण मला जी एक गोष्ट खरोखर टोचली, ती हीच. बाकी सगळे मुद्दे मी नंतर जमवलेत, हेही मान्य करतो.

स्ट्रीट फायटरचा मोठा पॅच २०२४ आणि २०२५ मध्ये मे-जूनच्या सुमारास आला. तेव्हा शाळेला सुट्टी असते, घरची मंडळी गावी असतात. एक शनिवार-रविवार बसून वहीची आख्खी डागडुजी करायची, आणि मग वर्षभर ती वही बऱ्यापैकी खरी. कॅपकॉमने ठाण्यातल्या बापांचा विचार करून हे ठरवलेलं नसणार, पण जुळलंय खरं.

याच्या अगदी उलट बोलणारा एक जण आमच्यात आहे. कोपरखैरण्याला राहतो, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, टेकनचा कट्टर. पॅचच्या रात्री तो झोपत नाही. मी वहीचं रडगाणं लावलं की म्हणतो, "दादा, वर्षभर तेच ते खेळायचं, तर नवीन काय शिकायचं मग?" आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. त्याला शोधण्यात मजा येते, मला घोटण्यात. पॅचनंतरच्या पहिल्या आठवड्यात तो मला अशा गोष्टींनी मारतो ज्यांना अजून कुणी नावही दिलेलं नसतं. तुम्ही त्याच्यासारखे असाल तर या आढाव्याचा निकाल आत्ताच फिरवून घ्या.

एप्रिल २०२५

पॅचबद्दल बोलतोय आणि टेकन ८ च्या दुसऱ्या सीझनचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, विषय टाळला, तर तो पक्षपात होईल. दोन्ही बाजूंनी.

२०२५ च्या एप्रिलच्या तोंडावर सीझन २ चा पॅच आला. त्याआधी बचावाला बळ देऊ अशी भाषा झाली होती. प्रत्यक्षात सगळ्यांना नव्या मूव्ह मिळाल्या, आक्रमण आणखी धारदार झालं, आणि ब्लॉक करून बसलेल्या माणसाला आधीपेक्षा जास्त अंदाजपंचे खेळावं लागायला लागलं. ज्या कॅरेक्टरमध्ये मुद्दाम काही उणिवा ठेवलेल्या होत्या त्या बुजल्या, त्यामुळे कॅरेक्टर एकमेकांसारखी वाटायला लागली, ही त्यातली सगळ्यांत मोठी तक्रार. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला, मोठमोठ्या स्पर्धा खेळणाऱ्यांनी उघडपणे नाराजी मांडली.

यानंतर जे झालं ते मात्र टेकनच्या बाजूने लिहायला हवं. कंपनी गप्प बसली नाही. निवेदनं आली, एप्रिलच्या मध्यापर्यंत तातडीचा पॅच आला, पुढचे कधी येणार ते सांगितलं गेलं. इतक्या लवकर माघार घेणारी टीम कमीच. ऐकण्याचे गुण द्यायचे तर मी टेकनला जास्त देईन.

पण ही चपळाई म्हणजे पुन्हा पॅचच. चुकलेला पॅच, मग दुरुस्तीचा, मग दुरुस्तीतलं राहिलेलं पुरं करणारा. जो रोज खेळतो त्याला वाटतं, ऐकतायत आपलं. जो आठवड्यातून चार तास खेळतो त्याच्यासाठी एका झटक्यात तीन वेगवेगळे गेम होतात. कॅपकॉमचं उलट आहे: ओरडून घसा बसला तरी वर्ष पुरं होईपर्यंत बहुतेक वेळा काही हलत नाही. दोन्ही त्रासच. मला दुसरा त्रास सोसतो.

पैशांचं

यावर फार लिहिण्यासारखं नाही, दोघेही खिसा चाचपतातच. टेकन ८ मध्ये विक्रीचं दुकान गेम बाजारात आल्यावर महिन्याभराने उघडलं, एप्रिल २०२४ मध्ये फाइट पास (खेळून बक्षिसं उघडायचा पास) आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेनमाजी मंदिराची स्टेज (लढायची जागा) वेगळी विकायला काढली तेव्हा महागडी आवृत्ती घेतलेले लोक चांगलेच भडकले. तिकडे स्ट्रीट फायटरने ऑगस्ट २०२३ मध्ये निन्जा टर्टल्सचे पोशाख आणले, तेही फक्त आपण बनवलेल्या अवताराला घालण्यापुरते. चारही घ्यायचे तर पैसे जवळपास एका नव्या गेमइतके. शिवाय त्यांच्या कॉइनची पाकिटं आणि वस्तूंच्या किमती कधी जुळत नाहीत, थोडी चिल्लर कायम खात्यात पडून राहते.

टेकनच्या बाजूने दोन गोष्टी. ‘टेकन ७’मध्ये फ्रेमांची माहिती वेगळे पैसे देऊन घ्यावी लागायची, ८ मध्ये ती ट्रेनिंग मोडमध्येच आहे. आणि हेहाची या कॅरेक्टरबरोबर कथेचा एक भाग फुकट मिळाला. एक गंमत अशी की ज्या एडीने ‘टेकन ३’च्या काळात नुसती लाथांची बटणं बडवून आपल्याला रडवलं, त्याला आता मोजून पैसे देऊन घरी आणावं लागतं.

माझा शिरस्ता सांगतो: दोन्हींतला कुठलाही घ्या, सेलमध्ये घ्या, आणि कॅरेक्टर एकेक करून घेण्यापेक्षा वर्ष संपल्यावर येणारी एकत्र आवृत्ती घ्या. घाई असते ती स्पर्धा खेळणाऱ्यांना.

कुणाबरोबर खेळणार?

दीर्घकाळ टिकण्याचा खरा अर्थ रात्री अकराला समोर माणूस मिळणं. इथे माझा कल थोडा टेकनकडे झुकतो, कारण आपल्या भागात टेकनवाले जास्त आहेत असं मला जाणवतं. सायबर कॅफेत, मित्राच्या प्लेस्टेशनवर ‘टेकन ३’ खेळलेली एक आख्खी पिढी आहे. ऑफिसात पंचविशीच्या पोरांना विचारलं तरी आधी टेकनच निघतं. आपल्या शेजारीच बघा, लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये एकाच वर्षात जपान आणि लास व्हेगास अशा दोन्ही इव्हो (फायटिंग गेमच्या मोठ्या) स्पर्धा ‘टेकन ७’मध्ये जिंकल्या, आणि टेकन ८ मध्येही २०२४ आणि २०२५ ची लास व्हेगासची इव्हो त्याचीच. या उपखंडाच्या हाताला टेकनची चव आहे.

दिवाळीत घर भरलेलं असताना सोफ्यावर खेळायचं तर टेकनच काढतो. भाचा काहीही दाबतो आणि पडद्यावर काहीतरी भारी होतं. दोन्ही गेममध्ये सोपी कंट्रोल पद्धत आहे, पण टेकनमधली मॅच चालू असताना एका बटणाने सुरू-बंद होते. स्ट्रीट फायटरचं मॉडर्न कंट्रोल आधीच निवडावं लागतं. मात्र गंभीरपणे शिकायला मॉडर्न जास्त चांगलं, कारण ती पूर्ण, वेगळी पद्धत आहे, तिच्यावर वरच्या रँकपर्यंत जाता येतं. पन्नाशीच्या एका शेजाऱ्यांना मी तसंच सुरू करून दिलं आणि आता ते लिफ्टमध्ये मला ड्राइव्ह इम्पॅक्ट या मूव्हवर प्रवचन देतात.

नेटचं म्हणाल तर दोन्हींत रोलबॅक (नेटची दिरंगाई झाकणारी पद्धत) आहे, दोन्हींत वेगवेगळ्या मशीनवाले एकमेकांशी खेळू शकतात, आणि मॅच दोन खेळाडूंमध्ये थेट चालते. त्यामुळे ठाण्यातून घणसोलीच्या माणसाशी खेळताना कुणाचा सर्व्हर कुठे आहे याची चिंता नको. मोजमाप मी कधी केलेलं नाही. हाताला स्ट्रीट फायटर जरा जास्त सावरलेला वाटतो, दूरच्या माणसाशी खेळताना विशेषतः. वायफाय मात्र दोन्हींत चारचौघांत उघडं पडतं, समोरच्याला आयकन दिसतो आणि तो नकार देतो. हॉलमधून बेडरूमपर्यंत केबल ओढायची तयारी ठेवा, घरच्यांची समजूत काढायचीही.

ज्यांच्याकडे अजून पीएस४ आहे त्यांच्यासाठी प्रश्नच मिटतो. स्ट्रीट फायटर ६ त्यावर चालतो, टेकन ८ नाही. कंपनीने जुन्या मशीनला किती काळ धरून ठेवलं हाही सपोर्टचाच भाग मानायचा तर हा मोठा मुद्दा आहे, कारण आपल्याकडे कन्सोल दर पिढीला बदलायची चैन थोड्यांनाच परवडते.

आणि सपोर्ट संपल्यावर?

एक दिवस दोन्हींचा संपेल. तेव्हा घाबरून जायचं फार कारण नाही, असं माझं मत आहे. ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’ १९९९ चा. त्याला आता कोण पॅच देणार? तरी फाइटकेड या जुने गेम खेळायच्या सेवेवर तो आजही ऑनलाइन खेळला जातो. ‘स्मॅश ब्रदर्स मेले’ २००१ चा, त्याला रोलबॅक मिळालं २०२० मध्ये, तेही खेळणाऱ्यांनीच करून घेतलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ खेळवला गेला. ६ येऊन तेव्हा तीन महिने उलटले होते. कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू ने सुवर्ण घेतलं. त्या वयाच्या आम्हा मंडळींना किती बरं वाटलं ते विचारू नका.

खरी भीती पाहुण्या कॅरेक्टरांची. दुसऱ्यांच्या मालकीची कॅरेक्टर घेतली की करार आला, आणि करार संपतो. ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ २०१३ च्या अखेरीस डिजिटल दुकानांतून नाहीसा झाला आणि परत आला डिसेंबर २०१६ मध्ये. टेकन ८ मध्ये क्लाइव्ह ‘फायनल फँटसी’चा, स्ट्रीट फायटर ६ मध्ये टेरी आणि माई एसएनके या कंपनीचे. यांपैकी कुणी आवडत असेल तर वेळेत घेऊन ठेवा, मेन, म्हणजे मुख्य कॅरेक्टर म्हणून दुसरं घरचं निवडा.

मग कुठला?

घरात दोघं-तिघं एकत्र बसून खेळणार असाल, मित्रमंडळी आधीच टेकनवाली असतील, किंवा नवं सापडण्यातच तुम्हाला मजा येत असेल, तर टेकन ८ घ्या. त्याची टीम जागी आहे, ऐकते, आणि चुकलं तर सुधारते.

नोकरी, प्रवास, संसार यांतून उरलेला वेळ असेल आणि आज शिकलेलं सहा महिन्यांनी उपयोगी पडावं अशी अपेक्षा असेल, तर मला वाटतं स्ट्रीट फायटर ६ जास्त सोयीचा पडेल. थ्रोचा वैताग येईल, कॅपकॉमच्या शांतपणाचा राग येईल. पण मधे महिनाभर ऑडिट आलं, लग्नसराई आली, आणि मग परत कंट्रोलर हातात घेतला, तर गेम बहुधा तुम्ही ठेवला होता तिथेच असेल. माझ्या वहीत सध्या गाईलची पानं भरलेली आहेत, टेकनच्या वहीत पॉलची निम्मी कोरी आहेत, त्यावरून काय ते समजा.

पैसे मोजण्याआधी दोन्हींचे फुकट डेमो उतरवून बघा. स्ट्रीट फायटरच्या डेमोत र्‍यू आणि ल्यूक मिळतात, टेकनच्या डेमोत जिन, काझुया, पॉल आणि नीना. डेमोत ऑनलाइनचा अंदाज येत नाही आणि पॅचचा तर नाहीच, पण बटणं हाताला बसतात की नाही तेवढं कळतं. टेकन घ्यायचं ठरलंच, तर नवा सीझन सुरू होऊन महिना-दीड महिना जाऊ द्या, दुरुस्तीचे पॅच येऊन जातील. स्ट्रीट फायटर घेणार असाल तर वर्षाचा मोठा पॅच नुकताच येऊन गेला असेल तेव्हा घ्या, म्हणजे शिकायला जवळपास पूर्ण वर्ष मिळेल.